मराठीतच ‘बटाटा’ का, ‘आलू’ का नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. हिंदी-बंगालीत ‘आलू’ चालतो, मग मराठीत ‘बटाटा’ कुठून आला? आणि त्याला अस्सल मराठी शब्द आहे का? पहिल्याचं उत्तर लांब आहे, दुसऱ्याचं दोन ओळींचं. ते शेवटी देतो.

बटाटा पोर्तुगिजांकडून आला इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांच्या भाषेत उच्चार साधारण ‘बताता’. पण शब्द त्यांचाही नाही. कोलंबस १४९२ साली कॅरिबियन बेटांवर पोचला तेव्हा तिथे ताइनो लोक राहत होते. हा शब्द त्यांचा, आणि त्यांच्याकडे त्याचा अर्थ होता रताळं! आपला बटाटा त्या बेटांवर नव्हताच. तो पिकायचा दूर दक्षिणेला, अँडीज पर्वतात, आजच्या पेरू-बोलिव्हियाच्या थंड पठारांवर. तिथले क्वेचुआ बोलणारे लोक त्याला ‘पापा’ म्हणायचे, आजही म्हणतात.

युरोपात रताळं आधी गेलं, बटाटा काही दशकांनी. दोन्ही जमिनीखाली वाढणारे, दोन्ही समुद्रापलीकडचे, त्यामुळे नावांची सरमिसळ झाली. स्पेनमध्ये ‘बताता’ आणि ‘पापा’ यांच्या मिश्रणातून ‘पताता’ झाला असं मानतात. इंग्रजीतलं ‘पोटॅटो’ही सुरुवातीला रताळ्याचंच नाव. जॉन जेरार्डच्या १५९७ सालच्या वनस्पतिग्रंथात नुसता पोटॅटो म्हणजे रताळं, आणि बटाट्याला तो ‘व्हर्जिनियाचा पोटॅटो’ म्हणतो. (बटाट्याचा व्हर्जिनियाशी संबंध नव्हता, पण ते असो.) पुढे बटाटा इतका पसरला की नाव त्यानेच बळकावलं आणि मूळ मालकाला ‘गोड’ हे विशेषण लावून घ्यावं लागलं. पोर्तुगीज आणि इंग्रजी दोन्हींत आज रताळं म्हणजे ‘गोड बटाटा’.

याचा एक त्रास आपल्या इतिहासातही होतो. जहांगीरच्या दरबारी आलेल्या टॉमस रो या इंग्रज राजदूतासोबत एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. जहांगीरचा मेव्हणा आसफखान याच्या मेजवानीत ‘पोटॅटो’ वाढल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. हे वाक्य दाखवून ‘मुघल बटाटे खायचे’ असं बरेच जण ठोकून देतात. त्या काळच्या इंग्रजाचा पोटॅटो रताळंही असू शकतो, तेव्हा एवढ्या एका शब्दावर माझा तरी विश्वास नाही.

आता ‘मराठीतच का’. खरं तर फक्त मराठीत नाही. सिंधीत पटाटा, गुजरातीत बटाटा किंवा बटाका, कोकणीत बटाटो, कर्नाटकाच्या किनाऱ्याकडे बटाटे. नकाशावर बोट फिरवा, हा सगळा पश्चिम किनारा आहे. दीव, दमण, वसई, चौल, गोवा ही पोर्तुगिजांची ठाणी याच पट्ट्यात. गोवा १५१० पासून त्यांच्याकडे होतं, वसई १५३४ पासून थेट चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेईपर्यंत. पाव, चावी, बालदी, घमेलं, लिलाव हे शब्दही पोर्तुगीजच. उलट किनाऱ्यापासून लांब विदर्भात गेलात तर मराठी माणूसच खुशाल ‘आलू’ म्हणतो आणि आलूबोंडा खातो. तिथे हिंदीचा शेजार. म्हणजे सीमा भाषेची नाही, संपर्काची आहे.

‘आलू’ मात्र संस्कृत ‘आलु’वरून आलेला, म्हणजे बटाट्याहून कितीतरी जुना. तेव्हा तो खाण्याजोग्या कंदांचं नाव होता. उत्तरेत नवा कंद आला आणि या तयार नावात जाऊन बसला. मराठीत ती जागा रिकामी नव्हती. आपला ‘अळू’ याच घराण्यातला. कंदाचं नाव, पण आपण मुख्यतः पानं खातो. दुसरा वंशज ‘रताळं’, म्हणजे ‘रक्तालु’, तांबडा आलू. गंमत बघा: ज्या शब्दाचा अर्थ रताळं होता तो आपण बटाट्याला दिला, आणि ज्या शब्दात ‘आलू’ दडलाय तो रताळ्याला.

त्यातही आणखी एक वळण आहे. रताळंसुद्धा अमेरिकेतूनच आलेलं, मग त्याला हे जुनं नाव कसं? ते आधी दुसऱ्याच एखाद्या तांबूस-जांभळ्या कंदाचं असावं. सुरतेच्या बाजारात ‘रताळू’ मागा, हातात कोनफळ पडेल. उंधियूत घालतात तेच. आपलं रताळं हवं असेल तर ‘शक्करिया’ म्हणावं लागतं. माझ्या मते जुना अर्थ गुजरातीने जपला आणि मराठीने नव्या पाहुण्याला बहाल केला.

आता दुसरा प्रश्न. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी जी वस्तूच इथे नव्हती तिला त्याआधीचा मराठी शब्द कुठून असणार? संस्कृताचा आधार घेऊन ‘आलू’च अधिक शुद्ध असं कुणी म्हणालं, तर त्याचं मराठी रूप अळू होतं, आणि ते नाव फदफद्याने कधीच घेतलेलं आहे.