बायबल दोनदा वाचून झालं, तरी समज वाढल्यासारखी का वाटत नाही?

तुमची अडचण थोडक्यात अशी: वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचा तक्ता दोनदा पुरा केला, माहिती वाढली, पण आत काही हललं नाही; आता तिसऱ्या फेरीत लेवीय या यज्ञांच्या नि शुद्धतेच्या नियमांच्या पुस्तकात गाडी रुतली आहे.

आधी तक्त्याचं गणित बघा. ६६ पुस्तकांचे मिळून ११८९ अध्याय, म्हणजे रोज सव्वातीन. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी साडेसहा. मग वाचन राहतं बाजूला, माणूस थकबाकी फेडत बसतो. मी तीन वर्षं हेच केलं. तक्ता वाईट नाही, सगळा मुलूख एकदा नजरेखालून जातो. पण तो फायदा तुम्ही दोनदा घेतलाय. आता कमी वाचा, आणि तेच तेच वाचा.

कसं ते दाखवतो. मार्ककृत शुभवर्तमान काढा, येशूची कथा सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एक. सोळाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. ते एकदा सलग वाचा आणि मग आठव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनाशी परत येऊन थांबा. शिष्य होडीत आहेत, सोबत एकच भाकर, आणि त्यावरून त्यांची कुजबुज चाललीये. थोड्याच वेळापूर्वी चार हजारांचं जेवण त्यांनी स्वतःच्या हातांनी वाढलेलं! येशू विचारतो, डोळे असून दिसत नाही का, अजून समजत नाही का? पुढचाच प्रसंग बेथसैदातल्या आंधळ्याचा. येशू त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा कुठे त्याला स्वच्छ दिसतं.

दोन टप्प्यांत बरं झाल्याची ही गोष्ट चार शुभवर्तमानांत फक्त मार्कमध्ये आहे. पहिल्या वाचनात मला ती विचित्र वाटली होती. एका हातात का नाही झालं? पुढे वाचा, उलगडतं. शिष्यांतला पेत्र येशूला म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. बरोबर उत्तर. लगेच येशू आपल्या दुःखसहनाबद्दल आणि मरणाबद्दल बोलतो, तर तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावू लागतो. म्हणजे पेत्रालाही दिसतंय, पण झाडांसारखं. नवव्या अध्यायात येशू पुन्हा मरणाचं बोलतो, आणि शिष्य वाटेत वाद घालतात की आपल्यात मोठा कोण. दहाव्यात तिसऱ्यांदा, आणि याकोब व योहान हे दोन शिष्य त्याच्या वैभवात उजवी-डावीकडची जागा मागतात. येशू त्या दोघांना विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? थोड्याच वचनांनंतर हाच प्रश्न तो रस्त्याकडेला बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाला विचारतो. हा मागतो फक्त दृष्टी. ती मिळते आणि तो त्याच वाटेने येशूच्या मागे चालू लागतो, जी वाट यरुशलेमेला जाते.

एका आंधळ्यापासून दुसऱ्या आंधळ्यापर्यंतचा हा भाग मी महिनाभर वाचला होता. सव्वातीन अध्यायांच्या वेगात तो प्रश्न दोनदा आलाय हे मला कधीच दिसलं नव्हतं. आणि एकदा ते दिसल्यावर मी प्रार्थनेत काय मागतो याकडे जरा शरमेनेच पाहिलं.

दुसरी चूक सुटी वचनं उचलण्याची. ती माझीच सांगतो. यिर्मया २९:११, तुमच्या हिताचे संकल्प, भावी काळाची आशा, हे वचन मी कपाटाच्या दारावर चिकटवलं होतं. नोकरीचं काही जमत नव्हतं, म्हणून हा माझ्यासाठी निरोप असं धरून बसलो. बऱ्याच दिवसांनी अख्खा अध्याय वाचला. ते यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहुदी कैद्यांना पाठवलेलं पत्र आहे. घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि अकराव्याच्या आधीचं दहावं वचन? सत्तर वर्षं! ऐकणाऱ्यांतले बरेच जण परत जाणारच नव्हते. आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा दोन वर्षांत सुटकेचं आश्वासन देतो, आणि तो खोटा ठरतो. मी यिर्मयाचं वचन लावून हनन्याचा निरोप ऐकत होतो. कागद काढला नाही, पण खाली पेन्सिलीने २९:४ ते १० लिहिलं.

(वचनांचे आकडे मूळ लेखनात नव्हतेच. नव्या करारातले आजचे आकडे १५५१ साली रोबेर एतिएन या मुद्रकाने घातले. शोधायला उत्तम, पण वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे त्यांना विचारू नका.)

रोजचं म्हणाल तर एक परिच्छेद, मोठ्याने, दोनदा. वहीत निष्कर्ष लिहू नका, प्रश्न लिहा. टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ उलगडून सांगणारी पुस्तकं, स्वतः झटल्यावरच उघडा. आणि कुणीतरी सोबत हवं. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय: रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचणारा कूशी (इथिओपियाचा) अधिकारी फिलिप्प या ख्रिस्ती प्रचारकाला सरळ सांगतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय मला कसं समजणार? एवढा मोठा माणूस, पण लाजला नाही. शिवाय जे वचन कळलंय, ते आधी करून बघा. शत्रूसाठी प्रार्थना करा, हे समजायला कुठलाही टीकाग्रंथ लागत नाही, आणि मी तिथेच सगळ्यात जास्त दिवस अडकलो.

काही आठवडे सगळं कोरडं जाईल. तेव्हा स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी धीराचं एकही वाक्य नाही, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे.

लेवीय सध्या सोडून द्या. मार्क झाल्यावर नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र घ्या, आठवा ते दहावा अध्याय सावकाश; लेवीयमधल्या यज्ञांचा अर्थ तिथे उलगडतो. मग लेवीयचा सोळावा अध्याय उघडा, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. अडलात तर इथे विचारा, पण कुठल्या वचनापाशी अडलात ते लिहा.