डायनॅमोतून एकाच दिशेने वाहणारी वीज (डीसी) कशी मिळते?
गंमत अशी की डायनॅमोच्या गुंडाळीत तयार होणारी वीज मुळात एसीच, म्हणजे पुन्हा पुन्हा दिशा उलटणारी असते. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये गुंडाळी फिरली की तिच्यातून जाणाऱ्या चुंबकीय बलरेषांची संख्या सतत बदलते आणि तारेत व्होल्टेज निर्माण होतं. हेच फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन. पण दर अर्ध्या फेरीनंतर गुंडाळीची वर जाणारी बाजू खाली येऊ लागते, त्यामुळे व्होल्टेजची दिशाही उलटते.

खरी करामत कम्युटेटरची. सर्वात साध्या रचनेत तो म्हणजे आसावर बसवलेलं, मधोमध चिरलेलं तांब्याचं कडं. त्यावर दोन कार्बन ब्रश, म्हणजे वीज बाहेरच्या सर्किटमध्ये नेणारे कार्बनचे स्थिर तुकडे, टेकलेले असतात. गुंडाळीतली दिशा उलटते त्याच क्षणी कड्याचे दोन्ही अर्धे आपापला ब्रश बदलतात. म्हणून बाहेरच्या सर्किटमध्ये प्रवाह एकाच दिशेने जातो. मात्र तो एकसारखा नसतो, शून्यावरून चढतो आणि पुन्हा शून्यावर येतो. यावर उपाय म्हणून प्रत्यक्ष यंत्रात अनेक गुंडाळ्या आणि कम्युटेटरचे अनेक तुकडे ठेवतात.

आणि हो, सायकलचा डायनॅमो नावापुरताच! त्यात कम्युटेटर नसतो, तो एसीच देतो.