सेवेला वाहून घ्या, सेवेत वाहून जाऊ नका

नगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचं शिबिर आहे. विषय इंग्रजीतून आला: येशूच्या उदाहरणावरून 'होलहार्टेड' सेवा, म्हणजे 'मिनिस्ट्री', कशी करावी. मराठी फलकासाठी तीन शीर्षकं निघाली: 'येशूसारखे सेवेत वाहून घ्या', 'येशूसारखे सेवेत झोकून द्या' आणि 'सेवेप्रती समर्पित व्हा'. यातलं बरोबर कोणतं, असं त्या विचारतात.

एकही नाही. पहिल्यात एका अक्षराची चूक आहे, दुसऱ्यात धर्मशास्त्राची, आणि तिसरं मराठीच नाही.

तिसरं आधी उरकतो. 'सेवेप्रती' हे हिंदीतल्या 'के प्रति'चं कलम आहे. मराठीत प्रती पुस्तकाच्या असतात. सेवेच्या किती प्रती काढल्या, असं कुणी विचारलं तर काय सांगाल? 'होलहार्टेड'साठी मनापासून, मनोभावे, जीव ओतून, जे रुचेल ते घ्या. फक्त 'पूर्ण हृदयाने' नको, आपल्याकडे हृदयाचं डॉक्टर बघतात. 'मनःपूर्वक' चांगला शब्द होता, पण वाढदिवसाच्या फलकांनी त्यातलं मन काढून घेतलं.

'मिनिस्ट्री'ला सेवा किंवा सेवाकार्य हेच म्हणा. नाहीतर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मंत्रालय उभं राहतं. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये 'मिनिस्टर' म्हणजे हाताखालचा माणूस. त्यातला 'मिनुस' म्हणजे कमी. त्याच्या उलट 'मागिस्तेर', त्यातला 'मागिस' म्हणजे जास्त. हा मागिस्तेर इंग्रजीतून आपल्याकडे मास्तर होऊन आला आणि पोर्तुगीजमधून मिस्त्री होऊन. म्हणजे शाळेतले मास्तर आणि भिंत बांधणारे मिस्त्री सख्खे भाऊ, आणि मंत्री त्या दोघांच्या हाताखालचे. असो, प्रश्न हा नव्हता.

आता 'सेवेत वाहून घेणे'. हे मी गेली वीस वर्षं ऐकतो आहे. शोकसभेत, सत्काराच्या मानपत्रात, बातमीत, 'समाजसेवेत वाहून घेतलेले व्यक्तिमत्त्व'. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात तर निवेदकाने पाहुण्यांची ओळख 'शिक्षणक्षेत्रात वाहून गेलेले' अशी करून दिली. पाहुणे समोरच बसले होते, कोरडे ठणठणीत. फूल आपण देवाला वाहतो, देवात वाहत नाही. तसंच स्वतःला सेवेला वाहून घ्यायचं. 'साहित्याला वाहिलेले मासिक' हे जुन्या मुखपृष्ठांवरचं वाक्य आठवा, त्यात 'ला' आहे. 'त' लावलात की वाहणे या क्रियापदाचा दुसरा अर्थ धावून येतो, नदी आणि ओढ्याचा, आणि माणूस बुडतो.

दोन्ही अर्थांचं मूळ एकच, संस्कृत 'वह्'. नेणे आणि वाहणे, दोन्ही त्यात आहे. वाहन, प्रवाह, निर्वाह, विवाह ही सगळी त्याचीच प्रजा. इंग्रजी 'वॅगन' आणि 'व्हेइकल' हेही त्याच घराण्यातले. आवाहनसुद्धा त्यातलंच: आ-वह्, म्हणजे इकडे आणणे. देवाचं पूजेच्या सुरुवातीला आवाहन करतात, त्याला आव्हान देत नाहीत. आव्हान 'ह्वे' या धातूपासून, हाक मारण्यावरून आलं. तरीही दर महिन्याला कुठली ना कुठली संस्था देणगीदारांना देणगीचं 'आव्हान' करतेच.

याच प्रश्नाला माझ्याआधी एका निवृत्त प्राध्यापकांनी उत्तर दिलं आहे. त्यांचं म्हणणं, 'वाहून घेणे' हे इंग्रजी 'डेडिकेट'चं मिशनऱ्यांनी केलेलं भाषांतर आहे, म्हणून टाळावं. प्राध्यापकांनी आयुष्यात कधी बेल वाहिला नसावा. लक्ष दूर्वा वाहणे, तुळस वाहणे, शपथ वाहणे, श्रद्धांजली वाहणे (ती 'देत' नाहीत, तिच्यात अंजली म्हणजे ओंजळ आहे), हे काय मिशनऱ्यांनी शिकवलं? शिव्यांची लाखोलीसुद्धा आपण वाहतोच, आणि त्यासाठी कुणाच्या भाषांतराची गरज लागत नाही.

खरी मौज पुढे आहे. 'वाहणे' म्हणजे उचलून नेणे. त्याला 'अर्पण करणे' हा अर्थ आला कुठून? एखादी वस्तू देवापर्यंत उचलून नेली की ती अर्पण झाली, म्हणून. हे एकट्या मराठीला सुचलेलं नाही. 'अर्पण' पाहा. संस्कृत 'ऋ' म्हणजे जाणे, त्याचं प्रयोजक रूप 'अर्पयति', जायला लावणे, पोचवणे. लॅटिन 'ओफेर्रे' म्हणजे पुढ्यात वाहून आणणे. दिवाळीत दुकानांवर टांगलेली 'ऑफर' ती हीच. ग्रीक 'प्रोस्फेरो' म्हणजे जवळ वाहून नेणे. आणि हिब्रू 'कोर्बान'चं मूळ क-र-ब, म्हणजे जवळ येणे. आपली कुर्बानी आणि हिंदीतलं करीब एकाच मुळाचे आहेत, हे कळलं त्या दिवशी मी दोन चहा जास्त प्यायलो. जवळ नेलं ते कुर्बान. संस्कृत, लॅटिन, ग्रीक, हिब्रू, एकमेकांना न विचारता सगळ्यांनी तोच रस्ता धरला!

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात, नवव्या अध्यायाच्या चौदाव्या ओवीत, ख्रिस्ताने स्वतःला देवाला अर्पण केलं असं म्हटलं आहे. तिथे ग्रीकमध्ये याच प्रोस्फेरोचं भूतकाळी रूप आहे, आणि त्याच्या आधी 'हेआउतोन', म्हणजे स्वतःला. शब्दाला शब्द ठेवून मराठी करा: स्वतःला वाहिलं. प्राध्यापकांचा 'डेडिकेट' इथे कुठेही येत नाही.

आता माझा लाडका सिद्धान्त. पटला नाही तर सोडून द्या. देवापुढे आपण काय काय करतो त्याची क्रियापदं पाहा. दिवा ओवाळतो, नारळ फोडतो, नैवेद्य दाखवतो, आणि फूल वाहतो. नैवेद्य दाखवायचा असतो, कारण तो परत येणार असतो, प्रसाद होऊन, आपल्याच ताटात. फूल परत येत नाही. त्याचं निर्माल्य होतं. ते पुन्हा केसात माळत नाहीत आणि पुन्हा वाहतही नाहीत. म्हणून मी म्हणतो, 'वाहणे' म्हणजे परतीचं तिकीट न काढता दिलेलं. 'देवाला नारळ वाहिला' असंही लोक म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तो नारळ गुरवाकडे राहतो, म्हणून माझा सिद्धान्त तिथेही टिकतो. सेवेचे फोटो काढून घेणारे लोक सेवा वाहत नाहीत, दाखवतात. मग प्रसादही त्यांनाच मिळतो.

आणि 'घेणे' का? देतो आहोत तर 'वाहून देणे' हवं होतं. मराठीत 'घेणे' लावलं की क्रिया करणाऱ्याकडे परत वळते: आवरून घेणे, समजून घेणे, सांभाळून घेणे. दुसऱ्याने तुमच्यासाठी करण्याचं हे काम नाही. मुलगी खंडोबाला वाहायची आणि तिची मुरळी करायची, ही 'घेणे' नसलेल्या वाहण्याची गोष्ट. वाहणारे वेगळे, आयुष्य तिचं. येशूचं चरित्र सांगणाऱ्या योहानाच्या शुभवर्तमानात (१९:१७) येशू वधस्तंभ घेऊन निघतो तिथले ग्रीक शब्द आहेत 'बास्ताझोन हेआउतो', वाहणारा, स्वतःच, स्वतःसाठी. (तुमच्याकडे वधस्तंभ म्हणतात, वसईत क्रूस. क्रूस पोर्तुगीजांकडून आला. दोन्ही चालतील, भांडू नका.) ग्रीकांनी ज्यासाठी सर्वनामाची चतुर्थी वापरली ते काम मराठी एका 'घेणे'वर भागवते.

याच्या शेजारी मत्तय आणि मार्क यांची शुभवर्तमानं ठेवा. तिथे कुरेनेकर शिमोन नावाचा, शेताकडून येणारा वाटसरू आहे. शिपाई त्याला धरतात आणि वधस्तंभ वाहायला लावतात. त्यासाठीचं ग्रीक क्रियापद 'आंगारेउओ' मूळ इराणचं, बादशहाच्या डाकेसाठी माणसं-जनावरं सक्तीने घ्यायचे त्यावरून आलेलं. मराठी बायबलने याला फार नेमका शब्द दिला: वेठीस धरले. वेठ म्हणजे संस्कृत विष्टि, बिनमोलाची सक्तीची मजुरी. लाकूड तेच, रस्ता तोच, पण एकाचं वाहून घेणं आणि दुसऱ्याची वेठ. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात कुणी एक कोस वेठीस धरलं तर दोन कोस जा म्हटलं आहे, तिथेही हेच क्रियापद आहे. दुसरा कोस कुणी सक्तीने नेत नाही, तो आपण वाहून घ्यायचा. शिबिरात तरुणांना हे सांगा. त्यांच्यातल्या अर्ध्यांना सेवा ही पाळकांनी लावलेली वेठच वाटत असते, आणि कधीकधी ती असतेही.

राहिलं 'झोकून देणे'. हे इतकं रुळलं आहे की वाईट वाटतं, पण येशूच्या नावाशी जोडू नका. मत्तयाचा चौथा अध्याय काढा. सैतान त्याला यरुशलेमात मंदिराच्या शिखरावर उभा करतो आणि काय म्हणतो? 'बाले सेआउतोन कातो', स्वतःला खाली झोकून दे. वर स्तोत्राचा हवालाही देतो, की देवदूत तुला हातांवर झेलतील. येशू नाही म्हणतो. स्वतःला झोकून द्यायला सांगणारा सैतान आहे, ताई. त्याचं वाक्य शिबिराच्या फलकावर कशाला? झोकून देण्यात एक गृहीत धरलेलं असतं, की कुणीतरी झेलेल. झोकून देणाऱ्या कित्येक कार्यकर्त्यांच्या घरी बायको झेलत असते, तिचं नाव मानपत्रात नसतं.

येशूची सेवा झोकल्यासारखी दिसतच नाही. वल्हवणारे घाबरलेले असताना तो नावेत उशीवर डोकं ठेवून झोपलेला आहे. पहाटे अंधारात उठून एकटाच प्रार्थनेला जातो, लोक शोधत बसतात. शिष्य दमले तर म्हणतो, एकांतात चला, थोडा विसावा घ्या. आणि शेवटच्या रात्री काय करतो ते योहान क्रियापदांची रांग लावून सांगतो: जेवणावरून उठला, अंगावरची वस्त्रं काढून ठेवली, रुमाल घेतला, कमरेला बांधला, घंगाळात पाणी ओतलं, पाय धुवायला लागला, रुमालाने पुसायला लागला. सावकाश, एकेक. बारा जणांचे चोवीस पाय, त्यातले दोन त्याला धरून देणाऱ्या इस्कर्योत यहूदाचे. झोकून देणाऱ्याला रुमाल आठवला नसता.

'कोर्बान'लासुद्धा त्याने सोडलं नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात काही लोक आईबापांना द्यायचं ते कोर्बान आहे, देवाला वाहिलेलं आहे, असं सांगून हात झटकतात. मार्कने तिथे मूळ शब्दच ग्रीकमध्ये ठेवला आहे. यावर येशू संतापतो. तेव्हा मंडळीच्या कामाला वाहून घेतलं म्हणून घरी आजारी आईकडे न बघणाऱ्यांना माझा सिद्धान्तही वाचवणार नाही.

एक आक्षेप येईल, म्हणून आधीच सांगतो: वाहणे हा मूर्तिपूजेतला शब्द, ख्रिस्ती फलकावर कशाला? गोव्यातल्या फादर स्टीफन्सनी १६१६च्या ख्रिस्तपुराणात, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या मराठी काव्यात, स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, त्यांच्या श्रद्धेला काही झालं नाही. पंडिता रमाबाई मात्र इथे माझ्या बाजूने उभ्या राहिल्या नसत्या. हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणताना वेदान्ताचा वास येणारे शब्द टाळायचे, खेड्यातल्या बाईला कळेल असं लिहायचं, हा त्यांचा कटाक्ष. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, ते बायबल केडगावच्या मुक्तिसदनातून १९२४ साली बाहेर पडलं. पण खेड्यातल्या बाईला 'वाहणे' कळतं आणि 'समर्पित' कळत नाही, एवढा मुद्दा मी त्यांच्यापुढे रेटला असता. आणि त्यांच्याबद्दल लेख लिहिणारे त्यांनी अनाथ बायकांच्या 'सेवेत वाहून घेतलं' असं लिहितात, ते वाचून त्यांनी कपाळावर हात मारला असता, यात मला शंका नाही.

तर ताई, 'येशूसारखे सेवेला वाहून घ्या'. फलक छापायला गेला असेल तर आत्ताच फोन करा. छापायच्या आधी 'त'चा 'ला' करायला फ्लेक्सवाला पैसे घेत नाही.