जुन्या कॉम्प्युटरचा पंखा घरघर करतोय, नवा मिळत नाही. नुसतं बेअरिंग बदलता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत तंबाखूच्या वखारीला लागून ऑफिस आहे, हिशेबाचा जुना ब्रँडेड डेस्कटॉप आहे, त्याचा पंखा गेल्या काही दिवसांपासून घरघरतोय. दुकानदार म्हणतो याचा कनेक्टर वेगळा, हा पंखा आता येत नाही, मशिनच बदला. बेअरिंग तेवढं बदलून चालेल का, आणि ते मिळेल कुठं?

चालेल. पंखा बॉल बेअरिंगचा असेल तर अगदी नीट चालेल. मी बेळगावला उद्यमबागेत मशिन मेंटेनन्स बघतो. मोटर, पंप, स्पिंडल यांची बेअरिंगं बदलणं हे रोजचं काम. कॉम्प्युटरच्या पंख्यातलं बेअरिंग नखाएवढं असतं, पण नियम तेच लागू होतात.

साधा ८० किंवा १२० मि.मी.चा पंखा असता, तीन किंवा चार पिनांचा नेहमीचा कनेक्टर असता, तर मीही म्हणालो असतो की नवा आणा आणि मोकळे व्हा. तुमचं तसं नाही. अशा ब्रँडेड मशिनमध्ये पंख्याच्या वेगाचा सिग्नल मदरबोर्डला मिळाला नाही तर मशिन सुरू होतानाच फॅन एररवर अडून बसतं. बाजारातला दुसरा पंखा जोडायचा म्हणजे वायरी तोडायच्या, कुठली वायर कशाची ते शोधायचं, आणि तरी एरर जाईलच असं नाही. तुमच्या पंख्याची मोटर आणि वायर शाबूत आहेत, झिजलंय ते फक्त बेअरिंग. तेवढंच बदला.

पण आधी आवाज नक्की कुठून येतोय ते बघा. मशिन चालू असताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॅबिनेटच्या पत्र्याला, पंख्याच्या स्क्रूजवळ टेकवा आणि मूठ कानापुढच्या हाडाला लावा. मोटरचं बेअरिंग आम्ही असंच ऐकतो. मग तेच टोक हार्ड डिस्कच्या पट्टीला लावा. खरखर तिथं जास्त ऐकू आली तर पंखा राहू द्या, आधी हिशेबाचा सगळा डेटा पेन ड्राइव्हवर उतरवा, आजच्या आज. आवाज मागच्या बाजूनं, पॉवर सप्लायच्या डब्यातून, म्हणजे विजेची केबल लागते त्या डब्यातून, येत असेल तर तो डबा स्वतः उघडू नका. २३० व्होल्ट एसीचे आत सव्वातीनशेच्या आसपास डीसी होतात आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये ते काही काळ राहतात. ते काम जाणत्या माणसाकडं द्या.

पंखाच असेल तर प्लग काढा, पंखा बाहेर घ्या आणि पहिल्यांदा साफ करा. वखारीची बारीक धूळ पात्यांवर चिकट थर धरते, थर एका पात्यावर जास्त बसला की तोल जातो आणि नुसत्या तेवढ्यानं पंखा घुमतो. मऊ ब्रश वापरा. ब्लोअर मारायचा असेल तर पंखा बोटानं घट्ट धरून मारा, हवेच्या जोरावर तो भन्नाट फिरू देऊ नका. एक तर बेअरिंगची वाट लागते, वर मोटर जनरेटरसारखी उलटी वीज तयार करते. साफ करून आवाज गेला तर पुढचं वाचायची गरज नाही.

नाही गेला, तर पंखा बॉलचा की बुशचा ते ओळखा. बुश म्हणजे बॉल नसलेली साधी नळी, शाफ्ट, म्हणजे पात्यांची मधली दांडी, थेट तिच्यात फिरते. बऱ्याच कंपन्यांच्या मॉडेल नंबरात बॉलसाठी बी आणि स्लीव्हसाठी, म्हणजे बुशसाठी, एस असतो, पण सगळ्यांचं तसं नाही. हातानं बघणं जास्त खात्रीचं. मधल्या गोल भागावर, हबवर, अंगठ्यानं हलकं दाबा. स्प्रिंगवर असल्यासारखा किंचित आत जाऊन परत वर आला तर बहुतेक बॉल बेअरिंग. नुसता ढिला, वर-खाली सैल लागला तर बुश. शिवाय बॉल खराब झालेला पंखा सावकाश फिरवला की बोटाला बारीक वाळू लागल्यासारखी खरखर जाणवते.

बुश निघाला तर बदलायच्या मागे लागू नका. ते सिंटर्ड ब्राँझचं असतं, सच्छिद्र, तेल धरून ठेवणारं. मागचं स्टिकर सोलून शिवणमशिनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडा, पंखा हातानं फिरवत तेल आत मुरू द्या, स्टिकर परत लावा. खोबरेल अजिबात नको. डिसेंबरात आपल्याकडं सकाळी बाटलीतलं खोबरेल गोठतं, ते पंख्यातही गोठणार. गंज सोडवायचा स्प्रेही नको, तो असलेलं वंगण धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो. तेल घालूनही शाफ्ट आडवा हलत असेल तर बुश अंडाकृती झिजलाय, तो पंखा संपला.

आता बॉलवाला. मोबाइलवर फोटो काढत काम करा, जोडताना उपयोगी पडतात. स्टिकर हेअर ड्रायरनं कोमट करून अलगद सोला, फाडू नका, ते परत लागणार आहे. खाली रबरी बूच असलं तर काढा. आता शाफ्टचं टोक दिसेल आणि त्याच्या खाचेत बारीक क्लिप, धातूची ई-क्लिप किंवा फट असलेली नायलॉनची रिंग. ही क्लिप म्हणजे या कामातली सगळ्यात हरवणारी वस्तू. म्हणून पंखा आणि दोन्ही हात पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काम करा. टोच्याच्या टोकानं क्लिप उचकटली की ती उडते, आणि पिशवीतच राहते. तिच्याखाली एखादा पातळ वॉशर असला तर तोही जपा.

क्लिप निघाल्यावर शाफ्ट मागून दाबला की पात्यांचा भाग पुढं सुटतो. आतल्या चुंबकामुळं जरा ओढ लागते. त्याच वेळी एक छोटी स्प्रिंग बाहेर पडेल. ती कुठल्या बाजूला होती, हबच्या खाली की मागच्या क्लिपपाशी, ते लिहून ठेवा. स्प्रिंग चिमूटभर दिसते, पण दोन्ही बेअरिंगांवर कायम थोडा दाब ठेवून आतले बॉल खडखडू न देण्याचं काम तीच करते. ती विसरली किंवा उलट्या बाजूला गेली तर नवी बेअरिंगंही पहिल्या दिवसापासून वाजतील.

बेअरिंगं दोन असतात, एक पुढून बसवलेलं, एक मागून, आणि ती ज्या मधल्या नळीत बसतात तिच्यात दोघांच्या मधे कठडा. मागच्या बेअरिंगच्या भोकातून दोन मि.मी.ची सळी तिरकी घाला, टोक पुढच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगेवर टेकवा आणि बाजू बदलत थोडं थोडं ढकला. मग उलट बाजूनं दुसरं. जुनं बेअरिंग यात खराब झालं तरी चालतं. नळीच्या भोवती तांब्याची वेटोळी आणि छोटी सर्किट पट्टी आहे, तिथं सळी घसरू देऊ नका. कधी कधी एकीकडं बॉल आणि दुसरीकडं बुश असंही निघतं. तेव्हा बॉल बदला, बुशला तेल द्या.

माप व्हर्नियरनं घ्या: भोक, बाहेरचा व्यास, जाडी. भोक बहुतेक ३ मि.मी.च निघेल. ३-८-४ आलं तर नंबर ६९३ झेडझेड. ३-८-३ असेल तर एमआर ८३ झेडझेड. ३-७-३ म्हणजे ६८३ झेडझेड आणि ३-१०-४ म्हणजे ६२३ झेडझेड. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूला पत्र्याची झाकणं. दुकानदार टू-आरएस देऊ लागला तर घेऊ नका. त्याचं रबरी सील धूळ जास्त चांगली अडवतं हे खरं, आणि तुमच्या वखारीकडं बघता मोह होईल, पण ते आतल्या रिंगेला घासतं आणि या एवढ्याशा मोटरची ताकद त्यातच जाते.

कुठं मिळेल? निपाणीहून तुम्हाला कोल्हापूर जवळ, तिथं उद्यमनगरात बेअरिंगची दुकानं आहेत. बेळगावला येणं होणार असेल तर उद्यमबागेत विचारा. सगळ्यांकडं एवढं लहान माप नसतं, म्हणून आधी फोनवर नंबर सांगा आणि जाताना जुनं बेअरिंग खिशात ठेवा. दोन्ही एकाच कंपनीची घ्या, एक जुनं एक नवं असं करू नका. दुकानातच टाचणीवर अडकवून बाहेरची रिंग बोटानं फिरवून बघा. फिरताना कुठं अडखळलं तर दुसरं मागा. आत ग्रीस भरलेलंच येतं, धुऊ नका, वर तेलही घालू नका.

आता बसवणं. बेअरिंग बदलूनही आवाज राहिला अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा बेअरिंग बसवतानाच मेलेलं असतं. नळीत घट्ट बसते ती बाहेरची रिंग. तुम्ही आतल्या रिंगेवर जोर दिला की तो सगळा जोर बॉलमधून बाहेरच्या रिंगेला जातो आणि बॉलचा कडक पोलाद रिंगेच्या गुळगुळीत मार्गात बारीक खळगे पाडतो. डोळ्यांना दिसत नाहीत, कानाला लगेच कळतात. म्हणून जोर फक्त बाहेरच्या रिंगेवर. आठ मि.मी.च्या बेअरिंगला साडेसात मि.मी. बाहेरच्या व्यासाचा, मधे पोकळ असा कुठलाही नळीचा तुकडा चालतो. ओळखीच्या लेथवाल्याकडून दोन्ही तोंडं सपाट करून घ्या, त्याचं पाच मिनिटांचं काम आहे. बेअरिंग नळीच्या तोंडाशी सरळ ठेवा, वर हा तुकडा, आणि सगळं छोट्या व्हाइसमध्ये धरून हळूहळू आवळा. पंख्याची मागची बाजू टेकवताना आधार मधल्या नळीच्या कडेला द्या, फ्रेमला दिला तर प्लॅस्टिकच्या दांड्या तडकतात. तिरकं जातंय वाटलं तर थांबा, काढा, परत सरळ धरा. हातोडी लांब ठेवा. कठड्याला टेकलं की हाताला एकदम घट्ट लागतं, तिथंच थांबा.

उलट, बेअरिंग नळीत सैल जात असेल तर इन्स्टंट गम लावायचा विचार मनातून काढा. तो पाण्यासारखा पातळ असतो आणि झाकणाच्या फटीतून आत शिरतो. बेअरिंग धरून ठेवायचं खास कंपाउंड मिळतं, त्याचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका बाहेरच्या रिंगेला पुरे.

पाती परत घालण्याआधी शाफ्टवरून नख फिरवा. जुन्या बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवरच घसरत फिरली असेल तर तिथं चर पडलेला असतो. नख अडकलं तर नवं बेअरिंगही तिथं वाजणार, त्या पंख्यावर जास्त वेळ घालवू नका. गुळगुळीत असेल तर फडक्यानं पुसा, स्प्रिंग तिच्या जागी ठेवा, शाफ्ट सरळ आत सोडा, हब दाबून धरा आणि क्लिप खाचेत बसवा. इथंही पिशवी.

मशिनला लावण्याआधी पंखा हातानं फिरवा. तो सहज फिरत राहिला पाहिजे आणि बिनआवाज थांबला पाहिजे. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर १२ व्होल्टचा पंखा बहुतेक वेळा सुरू होतो. लाल वायर प्लसला, काळी मायनसला, बाकीच्या मोकळ्या. मात्र काही ब्रँडेड पंख्यांत वायरींचे रंग वेगळे असतात, रंगाची खात्री नसेल तर बॅटरीची चाचणी सोडून द्या. सगळं ठीक असेल तर नळीच्या तोंडाजवळचं तेल पुसून कोरडं करा आणि स्टिकर दाबून लावा. चिकटत नसेल तर ॲल्युमिनियमचा टेप गोल कापून लावा. तुमच्याकडं हे स्टिकर नीट बसणं फार महत्त्वाचं आहे, बेअरिंगला मागच्या बाजूनं तंबाखूच्या धुळीपासून तेवढंच काय ते संरक्षण.

पंखा बसवताना हवेची दिशा पहिल्यासारखीच ठेवा, फ्रेमवर बहुधा बाण असतो. कॅबिनेट जमिनीवर असेल तर टेबलाच्या उंचीवर घ्या, खालच्या थरातली धूळ पंखा सतत ओढत राहतो. मग मशिन चालू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, फॅनचा वेग दिसतोय का ते बघा. पाती फिरतायत पण वेग शून्य दाखवतोय, असं असेल तर बेअरिंगला हात लावू नका. काम करताना सेन्सची, म्हणजे वेगाचा सिग्नल नेणारी, बारीक वायर सर्किट पट्टीवरून सुटली असेल, किंवा कनेक्टर पूर्ण बसला नसेल. आधी कनेक्टर काढून परत दाबा, मग वायरीचा सोल्डर तपासा.