शेतावरचं तयार घर : वाचकांचे प्रश्न

आमचं रान काळ्या मातीचं आहे. तिथे २० × १० फुटी तयार केबिन ठेवायची आहे. विक्रेता म्हणतो, पाया नको, कोपऱ्यांत विटांचे थर रचले की झालं. चालेल का? (वैजापूर)

नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि सगळीकडे सारखी फुगत नाही. एक कोपरा उचलला जातो, दुसरा खचतो आणि खालची लोखंडी फ्रेम पिळवटते. पहिली खूण म्हणजे दाराची कडी जुळेनाशी होते. मग सरकत्या खिडक्या अडकतात, आणि पुढच्या पावसात पॅनेलच्या सांध्यातून पाणी आत. लोक सुताराला बोलावून दार तासून घेतात; दाराचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

पायाला काँक्रीटचे सहा ठोकळे घ्या : चार कोपऱ्यांत, दोन लांब बाजूंच्या मध्यावर. मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम फारच खोल असेल तर तीन-चार फूट काळी माती काढून बाहेरचा मुरूम भरा, सहा-सहा इंचांचा थर, पाणी मारून, धुम्मस करून. तळाशी १:४:८ चं (सिमेंट : वाळू : खडी) चार इंची काँक्रीट, त्यावर सळया घालून १:१॥:३ चा ठोकळा, माथा फूटभर चौरस. जमिनीवर दीड फूट ठेवा. संडास-बाथरूम आत असेल तर दोन फूट, नाहीतर खालून पाइपला उतार मिळत नाही.

सहाही माथे लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) एका पातळीत आणा. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. उरलासुरला फरक लोखंडी पट्ट्या घालून भरा, लाकडाच्या चिपा घालून नाही. काटकोनासाठी दोन्ही कर्ण मोजा : ते सारखे हवेत, २२ फूट ४ इंचांच्या किंचित वर. ठोकळ्यांवर दोन आठवडे पाणी मारून मगच गाडी बोलवा.

दोन कोटेशनमध्ये चौरस फुटामागे तीनशे रुपयांचा फरक आहे. दोघांनीही ‘५० मि.मी. पफ पॅनेल’च लिहिलंय. (बारामती)

पफ पॅनेल म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये पफ नावाचा फोम. त्या पॅनेलचा एक फूट बाय एक फूट तुकडा मागा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. दोन्ही बाजूंना ०.५ मि.मी. पत्रा आणि घनमीटरला ४० किलो घनतेचं पफ असेल, तर तो साधारण ९०० ग्रॅम भरतो. ७०० च्या आसपास आला तर पत्रा ०.३५ चा आहे, आणि तुमचे तीनशे रुपये तिथेच गेलेत. कडेने आतही बघा. पफ पिवळसर आणि बारीक जाळीचं दिसतं. पांढरे मणी सुटत असतील तर तो थर्माकोल. पफइतकाच उन्हाळा अडवायला थर्माकोल जवळजवळ दीडपट जाड लागतो.

दर बाहेरच्या मापावर की आतल्या, हेही लिहून घ्या. २० × १० च्या केबिनमध्ये आत १९० चौरस फूटच मिळतात. जीएसटी १८ टक्के, गाडीभाडं आणि हायड्रा (केबिन उतरवणारी क्रेन) बहुतेक कोटेशनांत धरलेले नसतात.

पैसे पूर्ण देण्याआधी कारखान्यात जाऊन छतावर तासभर पाइपने पाणी सोडायला लावा. बाथरूमच्या मोरीला बोळा मारून २४ तास पाणी साठवून ठेवा. केबिन सडते ती तिथूनच : जाळीच्या कडेने पाणी झिरपतं आणि खालचा सिमेंट बोर्ड फुगतो.

केबिन आमच्या रस्त्यावरून येईल का? (मुळशी)

दहा फुटी केबिन गाडीपेक्षा रुंद असते आणि गाडीवर चढल्यावर उंची चौदा फुटांच्या आसपास जाते. आधी वाटेतल्या विजेच्या तारा आणि फाट्यावरचं वळण बघा. वीस फुटी केबिनचं वजन दोन-अडीच टन असतं. हायड्रा चौदा टनांचा असला तरी दांडा लांब केल्यावर तेवढंही उचलेलच असं नाही. म्हणून तो ठोकळ्यांच्या अगदी जवळ उभा राहील अशी पक्की जागा हवी. ओल्या शेतात तो रुततो. काम मेपर्यंत उरका.

समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर जागा आहे. (गुहागर)

सपाट छताची केबिन घेऊ नका. घ्यायचीच तर वर फूटभर मोकळी जागा सोडून उताराचं वेगळं पत्र्याचं छप्पर करा, चारही बाजूंनी दोन फूट पुढे आलेलं. पाऊस अडतो आणि उन्हाळ्यात आतली काहिलीही बरीच कमी होते. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, रबरी वॉशरसह. वॉशर फुगून बाहेर येईपर्यंत आवळला, तर दोन वर्षांत फाटून गळतो.

फ्रेमला आधी झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर हवा, जागेवर केलेल्या प्रत्येक वेल्डिंगवरही. गंज पहिला तिथेच धरतो. वाऱ्याचं हलक्यात घेऊ नका : ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत कितीतरी छपरं उडाली. ठोकळे ओततानाच अँकर बोल्ट आणि वर लोखंडी प्लेट बसवा, म्हणजे फ्रेम प्लेटला वेल्ड करता येते.

केबिन हलवता येते, म्हणून परवानगी लागत नाही म्हणतात. (सातारा)

विक्रेते म्हणतात. वापर राहण्यासाठी असेल तर चाकं असोत वा नसोत, परवानगी देणाऱ्या कार्यालयात विचारून घ्या. शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास एकरभर जमीन लागते. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्याने तिथले नियम वेगळे आणि कडक. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नोंद झाली, घरपट्टी भरली, म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं नाही.

पावसात केबिनच्या भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात. (जुन्नर)

आज संध्याकाळची वाट बघू नका, मेन स्विच आत्ताच बंद करा. बहुधा पंपाच्या पेटीतून दोनच तारा ओढून आणल्या असतील आणि अर्थिंगच नसेल. किंवा पत्र्याच्या धारेवर वायरचं आवरण कापलं गेलंय. एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) यात पडत नाही, १६ अँपिअरचा असेल तर तो त्याहून जास्त करंटलाच पडतो. तुम्हाला हवा तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच.

केबिनसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा घ्या आणि फ्रेमच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत पट्टी बोल्टने जोडा, तिथला रंग खरवडून. रंगावर बोल्ट आवळला तर जोड दिसतो, पण नीट लागत नाही. पॅनेलमधून जाणारी प्रत्येक वायर पीव्हीसी पाइपातून घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवर घर चालवू नका, घरगुती मीटर घ्या. वीज परत सुरू केल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा. तो पडला नाही तर पुन्हा बंद करा आणि वायरमनला बोलवा.