बाइलस्टाइनसाठी भांड, ॲबस्ट्रॅक्ट्स जाऊ देत

तुझा प्रश्न वाचला. एमएस्सी ऑरगॅनिकचा प्रोजेक्ट, गाईड म्हणतात आधी लिटरेचर बघ, आणि तिकडे सायन्स लायब्ररीत जागा करायची म्हणून केमिस्ट्रीचे जाडजूड जुने सेट रद्दीत काढायचं चाललंय, तर ते ठेवा असा अर्ज करण्यात काही अर्थ आहे का. माझं मत सांगतो: सगळ्यासाठी भांडू नकोस, बाइलस्टाइनसाठी, म्हणजे ऑरगॅनिक संयुगांच्या माहितीच्या त्या जर्मन ग्रंथसंचासाठी, नक्की भांड.

सगळ्यात जास्त रॅक अडवलेत ते केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्सनी, म्हणजे केमिस्ट्रीच्या पेपरांचे सारांश छापणाऱ्या अंकांनी. १९०७ पासून निघत होते, छापील अंक २०१० च्या सुरुवातीला बंद झाले. आधी इंडेक्समधून नंबर काढा, मग तो खंड शोधा, मग हातात काय तर चार-सहा ओळींचा सारांश, मूळ पेपर कुठल्या तरी तिसऱ्याच कपाटात. वर नावांचा घोळ आहेच, १९७२ च्या सुमारास त्यांनी इंडेक्समधल्या नावांची पद्धत बदलली, त्यामुळे ॲस्पिरिन आधी सॅलिसिलिक ॲसिडखाली मिळायचं ते नंतर बेंझोइक ॲसिडखाली गेलं. जुन्या सरांना त्या खंडांचा जिव्हाळा असतो, समजू शकतो, पण हे सगळं आता सायफाइंडर या ऑनलाइन डेटाबेसमध्ये आहे आणि ते नसलं तरी गूगल स्कॉलरवर एमएस्सीच्या प्रोजेक्टपुरतं भागतं. कॅस नंबर (प्रत्येक संयुगाचा ओळख क्रमांक) हवा असेल तर कॅस कॉमन केमिस्ट्री ही साइट फुकट आहे.

बाइलस्टाइनचं तसं नाही. तिथे पेपरकडे बोट दाखवून सोडून देत नाहीत, माहितीच दिलेली असते: संयुग कसं बनवलं, मेल्टिंग पॉइंट किती, कशात विरघळतं, कशाबरोबर काय होतं, आणि प्रत्येक गोष्टीपुढे संदर्भ. सेंट पीटर्सबर्गच्या बाइलस्टाइन नावाच्या केमिस्टने पहिली आवृत्ती १८८१ ते ८३ मध्ये काढली, तेव्हा दोनच खंड होते. लायब्ररीत दिसतात ते चौथ्या आवृत्तीचे, मूळ खंड १९०९ पर्यंतचं लिटरेचर घेतात, मग पुरवण्या: पहिली १९१९ पर्यंत, दुसरी १९२९, तिसरी १९४९, चौथी १९५९. पाचवी १९७९ पर्यंतची, आणि ती फक्त हेटरोसायक्लिकची (रिंगमध्ये कार्बनशिवाय दुसरं एलिमेंटही असलेली संयुगं). हा सगळा डेटा रिॲक्सिस या ऑनलाइन डेटाबेसमध्ये आहे हे खरं, पण त्याचं सबस्क्रिप्शन किती विद्यापीठांना परवडतं? आणि १९२५ साली नीट मोजलेला मेल्टिंग पॉइंट आजही तोच आहे ना.

जर्मनला घाबरू नकोस (पाचवी पुरवणी तर इंग्रजीतच आहे). मोलेक्युलर फॉर्म्युला लिही, आधी कार्बन, मग हायड्रोजन, बाकीची एलिमेंट्स त्या इंडेक्सच्या क्रमाने, आणि फॉर्म्युला इंडेक्समध्ये बघ, खंड आणि पान मिळेल. खंड १ ते ४ साखळीवाले, ५ ते १६ कार्बनच्याच रिंगवाले, १७ ते २७ हेटरोसायक्लिक. एकदा मूळ खंडातलं पान मिळालं की पुरवण्यांत त्याच नंबरचा खंड काढायचा, पानाच्या वर मूळ खंडाचा पान नंबर छापलेला असतो, त्यावरून थेट जाता येतं, परत इंडेक्स नको. एफ म्हणजे मेल्टिंग पॉइंट, केपी म्हणजे बॉइलिंग पॉइंट. संदर्भात नुसतं बी असेल तर ते बेरिष्टे, नुसतं ए म्हणजे आनालेन (दोन्ही जर्मन जर्नल्स), सॉक म्हणजे लंडनच्या केमिकल सोसायटीचं जर्नल. एवढ्यावर निम्मं पान वाचता येतं.

एक मात्र सांभाळ, जुन्या कृती जशाच्या तशा लावू नकोस. बेंझीन आणि कार्बन टेट्राक्लोराइड तेव्हा पाण्यासारखं वापरायचे आणि धोक्याबद्दल एक ओळ नसते. करून बघायची कृती हवी असेल तर ऑरगॅनिक सिंथेसिस बघ, १९२१ पासून चालू आहे, प्रत्येक कृती छापण्याआधी संपादक मंडळातल्या कोणाच्या तरी लॅबमध्ये पुन्हा करून बघतात, आणि साइटवर सगळं फुकट. म्हणून त्याचे छापील खंड गेले तरी चालतील.

जर्नल्सचं म्हणशील तर २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय, सरकारी संस्थांना सुमारे १३,००० जर्नल्स उघडी झाली, अमेरिकन केमिकल सोसायटी, एल्सेव्हिअर, वायली सगळे त्यात आहेत. तुमचं सरकारी विद्यापीठ असेल तर लायब्ररीयनकडून लॉगिन घेच, बऱ्याच मुलांना हे माहीतच नसतं. खासगी कॉलेज असेल तर यात नाही, मग डेलनेट (लायब्ररींचं नेटवर्क) आहे का विचार, त्यातून पेपर मागवता येतो.

अर्ज करण्याआधी रॅकपाशी जाऊन बाइलस्टाइनचा सेट पुरा आहे का ते बघून ये. २८ आणि २९ नंबरचे खंड म्हणजे नावांचा आणि फॉर्म्युल्याचा इंडेक्स, ते गायब असतील तर अर्जात आधी ते शोधून द्यायला सांग, कारण त्यांच्याशिवाय बाकीच्या खंडांत काही सापडणं कठीण.