वाचकांचे प्रश्न : हजेरी कोणाच्या वहीत?

कारखान्यांत काम करणाऱ्या परप्रांतीय कामगारांच्या रोजच्या जगण्याविषयी आणि हक्कांविषयी आम्ही मागील अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत एकही पत्र खुद्द कामगाराचे नाही. ती लिहिली आहेत घरमालकिणीने, कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातील कारकुनाने, खानावळवालीने आणि शेजाऱ्यांनी. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. कामगार न्यायालयात दीर्घकाळ वकिली केलेल्या आमच्या स्तंभलेखिकेने त्यांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : चाकणजवळच्या गावात आमच्या घरामागे पाच खोल्या आहेत. त्या आम्ही कंपनीतल्या मुलांना भाड्याने देतो. एका खोलीत ओडिशाचे सहा जण राहतात. तिघे दिवसपाळीला आणि तिघे रात्रपाळीला, म्हणून अंथरुणे तीनच. त्यांतल्या एकवीस वर्षांच्या मुलाची उजव्या हाताची दोन बोटे गेल्या महिन्यात प्रेस मशीनखाली तुटली. कामाला लागून त्याला अकराच दिवस झाले होते. ठेकेदाराच्या माणसाने त्याला खासगी दवाखान्यात नेऊन टाके घालून आणले आणि आता वीस हजार रुपये व गाडीचे तिकीट घेऊन गावी जा, असे तो सांगतो आहे. उजवा हात बांधलेला असल्यामुळे डाव्या अंगठ्याचा ठसा कोऱ्या कागदावर मागितला आहे. कंपनी म्हणते, हा आमचा कामगारच नव्हे. मुलाने आईला अजून काही कळवलेले नाही. मी त्याला काय सांगू?
— एक भगिनी, खेड तालुका

उत्तर : ताई, त्याला आजच सांगा की कोऱ्या कागदावर ठसा द्यायचा नाही आणि एवढ्यात गाडीतही बसायचे नाही. तो गावी पोहोचला की त्याचे प्रकरण संपले, हे ठेकेदाराला पक्के ठाऊक असते, आणि तिकीट इतक्या तत्परतेने काढले जाते ते त्याचमुळे.

दहा किंवा अधिक माणसे काम करतात त्या कारखान्याला कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो ती, लागू होते आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला प्रत्येक कामगार तिच्यात येतो, मग तो ठेकेदारामार्फत आलेला असो वा थेट लागलेला. आजारपणाच्या लाभासाठी काही काळ वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरच्या अपघाताला ती अट नाही. अकरा दिवस तर सोडाच, पहिल्या दिवशी पहिल्या तासाला हात गेला असता तरी तो हक्कदार ठरला असता. मालकाने त्याची नोंदणी केली नसेल तर तो मालकाचा दोष आहे. अशा वेळी ही योजना चालवणारे महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

आता वीस हजारांचा हिशेब पाहू. हात बरा होईपर्यंत, म्हणजे डॉक्टर कामावर जायला योग्य ठरवीपर्यंत, त्याला वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळायला हवी. त्यानंतर वैद्यकीय मंडळ कायमचे अपंगत्व किती हे ठरवते. कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी २० टक्के धरली आहे. अंगठा गेल्यास ३० टक्के. त्याचे वेतन १५,००० रुपये असेल तर ढोबळ मानाने महिन्याला २,७०० रुपये आणि तेही हयातभर. ठेकेदार देऊ करतो आहे ती रक्कम आठ महिन्यांत भरून निघते, आणि मुलगा एकवीस वर्षांचा आहे. कारखाना लहान असल्यामुळे ईएसआय लागूच नसेल, तर कर्मचारी नुकसानभरपाईच्या तरतुदींनुसार त्याच वेतनावर आणि त्याच वयाला ही भरपाई चार लाखांच्या घरात जाते. हे आकडे त्याला एका कागदावर लिहून द्या, आणि खोलीतल्या कोणाकडून तरी ओडियातही लिहवून घ्या.

कंपनीचे ‘आमचा कामगार नव्हे’ हे म्हणणे तोडायचे असेल तर पुरावा हवा, आणि तो तुमच्या घरामागेच आहे. गेटपासचा फोटो, ठेकेदाराच्या सुपरवायझरचे फोनवरचे निरोप, दवाखान्याचे कागद, त्या पाळीत शेजारच्या मशीनवर असलेल्या दोघांची नावे, अपघाताची तारीख आणि वेळ, हे सर्व आजच एका वहीत उतरवा. तुमची भाड्याची वहीसुद्धा पुरावा आहे. तो केव्हापासून तेथे राहतो आणि कोणत्या पाळीला जात होता, हे तुम्ही सांगू शकता. त्यानंतर ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज द्यावा आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे अपघाताची लेखी तक्रार करावी, कारण असा अपघात कळवणे कारखान्यावर बंधनकारक असते. वकिलाच्या खर्चाची काळजी करू नका. औद्योगिक कामगाराला त्याचे उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करावा किंवा तालुका न्यायालयात विधी सेवा समितीकडे जावे.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अशाच एका प्रकरणात मी ती मशीन पाहायला गेले होते. डाव्या आणि उजव्या हाताची दोन बटणे एकदम दाबली तरच प्रेस खाली यावी, म्हणजे दोन्ही हात आपोआप बाहेर राहतात, अशी ती बनवलेली होती. डावीकडच्या बटणात लाकडाची पाचर ठोकलेली होती. एका हाताने पत्रा सरकवत दुसऱ्याने बटण दाबले की तासाला नग जास्त पडतात, एवढेच त्याचे कारण. नवीन मुलाला त्या मशीनचा धडा तसाच मिळतो. पाचर हाही मशीनचाच भाग आहे असे त्याला वाटते. तुमच्या मुलाला विचारा, त्याने किती बटणे दाबली होती. आणि आईला फोन करायला त्याच्याजवळ बसा.

प्रश्न : मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात आहे. बिहार आणि झारखंडमधून आलेल्या आमच्या ठेका कामगारांची एटीएम कार्डे ठेकेदाराने स्वतःकडे ठेवली आहेत. पगार खात्यावर पूर्ण जमा झालेला दिसतो, पण त्यातून तो दरमहा अडीच-तीन हजार काढून घेतो. आता दोन महिन्यांचा पगारच थकला आहे. रोज बारा तासांची पाळी होते आणि ओटी, म्हणजे जादा कामाचा पगार, साध्या दराने लावली जाते. तक्रार करावी तर माझीच नोकरी जाण्याची भीती वाटते. ठेकेदार बदलला की जुना पगार बुडाला, असेच सगळे मानतात. खरेच तसे असते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तसे नसते. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम झाले त्याच्यावर येते. १९७० च्या ठेका कामगार कायद्यात हे स्पष्ट होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही ते कायम आहे. ठेकेदार बदलला किंवा पळून गेला म्हणून कारखाना मोकळा होत नाही. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे, आणि जादा कामाचा दर साध्या वेतनाच्या दुप्पट असला पाहिजे.

कार्ड काढून घेणे ही गोष्ट मला पगार थकण्याहूनही गंभीर वाटते. दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने मना केलेली वेठबिगारीच आहे. खात्यावर किमान वेतन दाखवायचे आणि कार्डाने त्यातले काढून घ्यायचे, याचा परिणाम तोच होतो. कागद तेवढा स्वच्छ राहतो. पैसे ज्या एटीएममधून, ज्या दिवशी, एकापाठोपाठ अनेक कार्डांनी काढले गेले ती नोंद बँकेच्या उताऱ्यात असते. कामगाराने बँकेत जाऊन कार्ड बंद करून नवे घ्यावे आणि उतारा मागावा. भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला कोणाचा मोबाइल क्रमांक जोडला आहे तेही तपासावे, कारण पुष्कळदा तो ठेकेदाराच्या माणसाचा निघतो आणि कामगाराला स्वतःचा शिल्लक निधी कधी दिसतच नाही.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली वेगळा कायदा झाला होता आणि पाच असे कामगार असले तरी तो लागू होत असे. फोटो लावलेले पासबुक, प्रवासभत्ता आणि घर सोडून आल्याबद्दलचा विस्थापन भत्ता त्यात होता. प्रत्यक्षात असे पासबुक मी माझ्या सगळ्या वकिलीत दोनदा पाहिले. नव्या संहितेत स्वतःहून आलेल्या कामगारालाही स्थलांतरित मानले आहे, ही चांगली गोष्ट झाली. मात्र ही तरतूद आता असे दहा कामगार असतील तेथेच लागू होते आणि विस्थापन भत्ता गेला. हे मागे टाकलेले पाऊल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या संहितेतली एक तरतूद मात्र तुमच्या कामाची आहे : प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक आहे. ते मिळाले की ‘हा आमचा नव्हे’ म्हणणे अवघड होते.

आपण नोकरीची भीती लिहिली आहे आणि ती खरी आहे. तक्रार आपल्या नावाने करण्याची गरज नाही. ती कामगारांनी मिळून कामगार आयुक्त कार्यालयात करावी. आपण हजेरीचा मस्टर आणि गेटवरील नोंदी शाबूत ठेवा, ते आपल्या कामाचाच भाग आहे. अशा प्रकरणांत पहिल्यांदा गायब होतो तो मस्टर.

प्रश्न : भिवंडीत मी भिसी, म्हणजे खानावळ, चालवते. यंत्रमागावरची चाळीस माणसे माझ्याकडे दोन वेळ जेवतात आणि पंधरवड्याचा पगार झाला की पैसे देतात. त्यांची रेशनकार्डे गावाकडची आहेत. त्यांवर इथे धान्य मिळते का? एका जोडप्याची आठ वर्षांची मुलगी शाळेत घेत नाहीत, दाखला नाही म्हणतात.
— एक खानावळवाली

उत्तर : मिळते. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना २०१९ साली काही राज्यांत सुरू झाली आणि २०२२ पासून ती सर्व राज्यांत आहे. कार्ड आधारशी जोडलेले असेल तर रेशनकार्डाचा किंवा आधारचा क्रमांक सांगून आणि अंगठा लावून येथील कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते. गडी भिवंडीत आणि बायकामुले गावी असतील तर आपापल्या वाट्याचे धान्य दोन्हीकडे उचलता येते. येथे घेतले म्हणून गावचे कार्ड बंद होत नाही. दुकानदार ‘बाहेरचे कार्ड चालत नाही’ म्हणाला तर शिधावाटप कार्यालयात लेखी द्या.

मुलीचा प्रश्न त्याहून सोपा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून सरकारी वा पालिकेची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावाच लागतो. तो वयानुरूप वर्गात द्यायचा असतो. मुख्याध्यापकांना नकार लेखी मागा. बहुधा तेवढ्यानेच नाव घातले जाईल.

प्रश्न : माझा पुतण्या आयटीआय करून दोन वर्षे घरी बसला आहे. ठेकेदाराने त्याला तोंडावर सांगितले की लोकल मुले कटकट करतात, आम्हाला बाहेरचीच बरी. असे असताना बाहेरच्यांच्या हक्कांसाठी आपण पाने का खर्च करता?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : आपल्या पुतण्यावर अन्याय झाला आहे, आणि तो कसा झाला हे ठेकेदाराने स्वतःच सांगून टाकले आहे. कटकट म्हणजे काय? पगाराची तारीख विचारणे, ओटीचा दर विचारणे, अपघात झाला तर घरच्यांना घेऊन गेटवर येणे. आपला पुतण्या हे करू शकतो, कारण त्याचे घर, भाषा आणि चार ओळखीची माणसे येथे आहेत. ओडिशाहून आलेला मुलगा हे करू शकत नाही, म्हणून तो हवा असतो. त्याला दुप्पट दराने ओटी, ईएसआय आणि नियुक्तिपत्र खरोखर द्यावे लागले, तर त्याला हजार मैलांवरून आणण्यातला ठेकेदाराचा फायदाच उरणार नाही. त्या दिवशी आपल्या पुतण्याला त्याच्या कौशल्यावर पारखले जाईल. त्यामुळे पाने खर्च होत आहेत ती दोघांसाठी.

गिरणगावात आपल्याच घाटावरची आणि कोकणातली माणसे दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपली आहेत आणि खानावळीच्या ताटावर जगली आहेत. माझे आजोबा त्यांतले एक होते. त्यांच्या ट्रंकेत तिकीट नंबर, म्हणजे गिरणीतला कामगार क्रमांक, कोरलेला पितळी बिल्ला होता. गिरणीने त्यांना खूप काही दिले असे नाही, पण ते तिथले आहेत हे गिरणीला नाकारता आले नसते.

८ मे २०२० च्या पहाटे मराठवाड्यातील करमाडजवळ रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशातील १६ कामगार मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात ते कामाला होते आणि टाळेबंदीत गाडी मिळेल या आशेने पायी निघाले होते. टाळेबंदीत असे किती स्थलांतरित कामगार दगावले, याची आकडेवारी उपलब्ध नसल्याचे केंद्रीय कामगार मंत्रालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेत सांगितले. ज्यांची हजेरी ठेकेदाराच्या खिशातल्या वहीत लागते, त्यांचा मृत्यू सरकारच्या वहीत लागणार तरी कसा?

आपल्या पुतण्याने ठेकेदाराने काय सांगितले ते तारीख आणि जागेसह लिहून कामगार आयुक्त कार्यालयात द्यावे. त्या ठेकेदाराकडे सध्या किती माणसे आहेत आणि त्यांतल्या किती जणांना नियुक्तिपत्र दिले आहे, ही चौकशी करण्याची मागणीही त्याच अर्जात करावी. अर्जाचा मसुदा करून हवा असल्यास त्याने मासिकाच्या पत्त्यावर लिहावे, मी तो करून पाठवीन.